बायको अमेरिकन, रिटर्न कुठलं?
गोराईहून बोलतोय. बायको अमेरिकन, म्हणून जुलै आला की मित्रांचा प्रश्न ठरलेला: तुम्ही एकत्र रिटर्न भरता का रे? नाही. तिकडे नवरा-बायकोचं एकच रिटर्न चालतं, आपल्याकडे ज्याचं त्याचं. (गोव्याच्या पोर्तुगीजकालीन कायद्याखालची जोडपी मात्र पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवतात. भारी ना!)

आपल्या करखात्याला पासपोर्टशी घेणं नाही. वर्षात 182 दिवस इथे राहिली की ती रहिवासी. अमेरिका मात्र नागरिकत्व बघते, म्हणून ती गोराईत बसून तिकडचंही रिटर्न भरते.

खरी गोम जॉइंट अकाउंटमध्ये. तिच्या तिकडच्या खात्यावर तुम्हाला नुसता सहीचा अधिकार असला, तरी आपल्यासारख्या कायम इथे राहणाऱ्याने ते शेड्यूल एफएमध्ये दाखवायचं. म्हणजे आयटीआर-1 बाद, आयटीआर-2 घ्या. तिथे हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो बरं का! नाही दाखवलं, तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून, घर-जमीन सोडून, एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला दंडातून सूट आहे. दाखवण्यातून नाही. तिकडचं स्टेटमेंट जानेवारीतच डाउनलोड करून ठेवा.