सुतक न लागणारे दुःख : किशोर कादंबरीतील वियोग आणि बदल

घरात मृत्यू झाला की कोणाला किती दिवस सुतक, याचे नियम आपल्याकडे ठरलेले आहेत. दहा दिवस कोणी पाळायचे, सासरी गेलेल्या लेकीने किती पाळायचे, भाऊबंदांनी किती, हे घरातली वडीलधारी माणसे तोंडपाठ सांगतात. या नियमांविषयी मतभेद असू शकतात. पण त्यांचे एक सामाजिक काम आहे. दुःख कोणाचे आहे हे ते जाहीर करतात. ज्याला सुतक आहे त्याला चार लोक भेटायला येतात आणि त्याच्याजवळ बसतात.

आता प्रश्न असा, की वर्गात एकाच बाकावर बसणारी मैत्रीण गेली, तर बारा वर्षांच्या मुलाला किती दिवसांचे सुतक? उत्तर शून्य आहे. आवडणारी मुलगी गाव सोडून गेली तर? वडिलांची बदली झाल्यामुळे शाळा, गल्ली आणि मैदान एकदम सुटले तर? त्याला तर आपण दुःखही म्हणत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी एक ग्रंथ संपादित केला. ज्या दुःखाला समाज मान्यताच देत नाही, ज्याचा शोक उघडपणे करता येत नाही, त्याला त्याने वेगळी संज्ञा दिली. मी मनातल्या मनात तिचे मराठी केले : सुतक न लागणारे दुःख.

मी साहित्याचा प्राध्यापक नाही. नोकरी हिशेबाची आणि वाचन रात्रीचे. गेली काही वर्षे किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या, किंवा किशोरांनी आपल्या मानलेल्या कादंबऱ्या मी एकाच प्रश्नाने वाचत आलो आहे : यातले मूल आपले दुःख कोणाला सांगते? या वाचनातून माझे एक मत बनले. चांगल्या किशोर कादंबरीचा खरा विषय मृत्यू नसतो. मृत्यूनंतर मुलाच्या मनात अडकून बसलेले, कोणालाच सांगता न येणारे एक वाक्य हा तिचा विषय असतो.

तेव्हा मी तिथे नव्हतो

कॅथरीन पॅटरसन यांची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ ही कादंबरी १९७७ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतले मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. तिचे मूळ एका खऱ्या घटनेत आहे. लेखिकेच्या लहान मुलाची जिवाभावाची मैत्रीण १९७४ च्या उन्हाळ्यात वीज पडून गेली. मुलाला काय सांगावे हे आईला कळेना, म्हणून ती लिहायला बसली. गोष्ट मृत्यूच्या प्रकरणापाशी आली आणि बरेच दिवस तिथेच थांबून राहिली, हे त्यांनीच नंतर सांगितले आहे.

कादंबरीतला जेस आणि त्याच्या शेजारी राहायला आलेली लेस्ली ओढ्यापलीकडच्या रानात टेराबिथिया नावाचे एक काल्पनिक राज्य उभारतात. तिथे जायचे ते झाडाला बांधलेल्या दोराला लोंबकळून, झोका घेत. पावसाने ओढा फुगतो आणि जेसला त्या झोक्याची भीती वाटू लागते. अशातच एका सकाळी संगीताच्या बाई त्याला वॉशिंग्टनची संग्रहालये दाखवायला घेऊन जातात. लेस्लीलाही बरोबर घ्या, असे त्याला सुचवता आले असते. ते लक्षात येते तेव्हा गाडी निघालेली असते, आणि बाईंचा सहवास आपल्या एकट्याला मिळाला याचा त्याला छुपा आनंदही होतो. तो घरी परततो तेव्हा दोर तुटून लेस्ली ओढ्यात गेलेली असते.

कादंबरीची रचना पाहण्यासारखी आहे. प्रकरणे तेरा. मृत्यूची बातमी येते ती दहाव्याच्या शेवटी, आणि त्या प्रकरणाचे नाव चक्क परिपूर्ण दिवस अशा अर्थाचे आहे. मृत्यू प्रत्यक्ष दाखवलेला नाही. उरलेली तीन प्रकरणे जेसची आहेत. तो बातमी नाकारतो आणि पळत सुटतो. लेस्लीने दिलेले रंग ओढ्यात फेकतो. धाकट्या बहिणीच्या तोंडावर मारतो. पाचवीच्या वर्गात जिवलग मैत्रीण मेलेला आपण एकटेच आहोत, म्हणजे आपले महत्त्व वाढेल, असाही एक विचार त्याच्या मनाला चाटून जातो. एखादा मोठा माणूस हा विचार कबूल करणार नाही. पण ज्या मुलाच्या मनात तो येऊन गेला आहे, त्याला तो छापील पानावर दिसणे ही केवढी सुटका असेल!

अमेरिकेतल्या शाळांमध्ये या पुस्तकावर वर्षानुवर्षे आक्षेप घेतले गेले. मुलांच्या हातात मृत्यू देऊ नये, हे त्यांतले एक कारण. मृत्यू मुलांच्या हातात अगोदरच पडलेला असतो, हे आक्षेप घेणारे विसरले होते.

सत्य सांगण्याची सक्ती

पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ २०११ ची आहे. तिची मूळ कल्पना शिवॉन डाऊड या लेखिकेची. २००७ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. त्यांच्या मागे उरलेल्या कल्पनेतून नेस यांनी स्वतःची कादंबरी लिहिली. म्हणजे पुस्तकच एका मृत्यूच्या पोटी जन्मलेले.

तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचे यू जातीचे प्रचंड झाड राक्षस होऊन खिडकीशी येते. ते त्याला तीन गोष्टी सांगणार आणि चौथी त्याने सांगायची, असा करार होतो. त्या चौथ्या गोष्टीत सत्य असले पाहिजे, ही अट.

कॉनरभोवतीची माणसे वाईट नाहीत. आई म्हणते, नवे औषध लागू पडेल. शिक्षक त्याला हळुवारपणे वागवतात. तो आजीच्या बैठकीच्या खोलीची मोडतोड करतो, एका मुलाला बेदम मारतो, तरी त्याला शिक्षा होत नाही. परिस्थिती लक्षात घेऊन सगळे गप्प राहतात. पण त्याला शिक्षा हवी आहे, कारण त्याच्या मनात एक वाक्य आहे : हे सगळे एकदाचे संपावे असे मला वाटत होते. आई संपावी असे नव्हे, हे वाट पाहणे संपावे. मुलाला या दोहोंतला फरक करता येत नाही. तो स्वतःला गुन्हेगार समजतो आणि जगाची दया त्याला आणखी एकटे पाडते.

ज्या घरांत लांबलेले आजारपण झाले आहे, त्या घरांतल्या मोठ्यांनाही हे वाक्य ओळखीचे असेल. आपण ते ‘सुटला बिचारा’ असे म्हणून रोग्याच्या नावावर टाकतो. मुलाला ही सोय नसते. वाक्य उच्चारल्यानंतरच कॉनर आईचा हात खऱ्या अर्थाने धरू शकतो. तू जाऊ नकोस, असे म्हणू शकतो. कादंबरी आईला वाचवत नाही, मुलाला वाचवते.

एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ या दोन्हींच्या आधीची, १९६७ ची. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या या मुलीने ती पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि अठराव्या वर्षी ती छापली गेली. तिचा चौदा वर्षांचा निवेदक पोनीबॉय आईवडिलांना अपघातात गमावून बसलेला आहे, आणि कथेच्या ओघात दोन मित्रही जातात. त्यानंतर काही काळ तो मित्र मेलाच नाही असे धरून चालतो आणि मित्राच्या हातून झालेला खून आपणच केला असे सांगू लागतो. शेवटी शाळेत निबंध लिहायचा असतो, तो लिहायला बसतो, आणि आपण वाचलेली कादंबरी म्हणजेच तो निबंध होता हे आपल्याला कळते. इथे ऐकणारा कोरा कागद आहे.

आपल्याकडची वाट

मराठीत ‘किशोर’ मासिक बालभारतीकडून १९७१ पासून निघते. पण किशोर कादंबरी असा ठसठशीत कप्पा आपल्या दुकानांत आणि ग्रंथालयांत फारसा नाही. बालसाहित्य संपले की थेट मोठ्यांचे कपाट. म्हणून आपल्याकडे किशोरांचे दुःख मोठ्यांच्या पुस्तकांत राहायला गेले आहे, आणि तिथे ते भरपूर आहे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आपण ते संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांना देतो. मी ते आता शोकाचे पुस्तक म्हणून वाचतो. आईच्या शेवटच्या घटकेला श्याम जवळ नव्हता. जेसचे आणि श्यामचे वाक्य एकच आहे : तेव्हा मी तिथे नव्हतो. आणि गुरुजींनी योजलेली चौकट पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आईची आठवण सांगतो. तो सांगतो आणि ते ऐकतात. अशी सोबत मिळायला श्यामला मोठे व्हावे लागले, हेही लक्षात घ्यावे.

‘कोसला’ १९६३ ची. भालचंद्र नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी जाते, त्या भागात निवेदनाची भाषाच विस्कटते. दुःखाला नीटनेटके वाक्य असते हा समज तिथे मोडतो. कॉलेजच्या कितीतरी पिढ्यांना हे पुस्तक आपले वाटले. त्यामागे वसतिगृहाच्या गमतीजमती आहेत तशी ही विस्कटलेली पानेही आहेत, असे मला वाटते.

मृत्यू नसलेले वियोगही आहेत. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) मधला लंपन आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढतो. आजी-आजोबा प्रेमळ आहेत, मित्र आहेत, गाव सुंदर आहे. तरी पुस्तकाचे नाव वनवास आहे. सगळे चांगले असूनही काहीतरी सुटलेले असू शकते, हे त्या एका शब्दात आले.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते. बाहेर आणीबाणीचा काळ आहे. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. कोणी मेले नाही, काही बुडाले नाही. मुकुंदचे दुःख घरी सांगण्याजोगे नाही, आणि पुढे दहावीचे वर्ष उभे आहे. सुतक न लागणाऱ्या दुःखाचे याहून नेमके मराठी उदाहरण मला सापडलेले नाही. मुकुंदला राक्षस भेटत नाही आणि निबंधाची वहीही नाही. त्याचे ऐकणारे फक्त आपण वाचक असतो.

पायऱ्या नव्हेत

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, असे हल्ली सर्रास ऐकू येते. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी त्या मुळात नव्हत्या. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी बाजू मांडली : गेलेल्या माणसाशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे नव्हे, ते नाते रूप बदलून चालू राहते. पॅटरसन यांनी हे एकोणीस वर्षे आधी गोष्टीत दाखवले होते. जेस शेवटी ओढ्यावर फळ्यांचा पूल बांधतो आणि धाकट्या बहिणीचा हात धरून तिला टेराबिथियात नेतो. तो लेस्लीला विसरत नाही. तिने दिलेले राज्य पुढे देतो, आणि दोराच्या जागी पूल बांधतो.

हे सारे केवळ अभ्यासाचे राहिले नाही, याला कारण २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या गावच्या वाचनालयात नातेवाईक येऊन विचारू लागले, ‘पोराचं मन रमेल असं काही द्या, जरा विसरेल.’ त्यांची तळमळ खरी होती. पण विसरायला लावणारे पुस्तक मुलाला पुन्हा तेच सांगते, की तुझे वाक्य उच्चारू नकोस. ‘टेराबिथिया’तल्या कडक स्वभावाच्या मायर्सबाई जेसला वर्गाबाहेर नेतात आणि आपला नवरा गेला तेव्हाचे आपले दुःख त्याला सांगतात, विसर, रडू नकोस, असे लोकांनी सांगितलेले आपल्याला नको होते, असे म्हणतात. जेस आयुष्यभर ज्यांना घाबरत आला त्या बाईंनाही दुःख आहे हे त्याला तेव्हा कळते, आणि तिथून त्याचे सावरणे सुरू होते.

म्हणून मी त्या नातेवाइकांना दोन गोष्टी सांगत आलो. हसवणारे पुस्तक जरूर न्या, हसणे हाही मुलाचा हक्क आहे. पण त्याच्याबरोबर एक असेही न्या, ज्यातल्या मुलाला आपल्यासारखेच काहीतरी झाले आहे. ते औषधासारखे पाजू नका. त्याच्या हाताला लागेल असे ठेवा. तो चार पाने वाचून मिटू शकतो, महिन्याने उघडू शकतो. आणि पुस्तक हा माणसाला पर्याय नव्हे. मूल खाणे, झोपणे, बोलणे सोडू लागले तर डॉक्टरांकडेच जायला हवे.

आपल्या प्रकाशकांनी आणि लेखकांनी हा रिकामा कप्पा मनावर घ्यावा, असे मला वाटते. बारा ते अठरा वयाच्या मराठी मुलांच्या वाट्याला या काही वर्षांत मृत्यू, स्थलांतर आणि मोडलेली घरे भरपूर आली आहेत. त्यांच्या बोलीत, त्यांच्या गावात घडणाऱ्या गोष्टी हव्या आहेत. आणि तोवर, सांत्वनाला गेलो की मोठ्यांना नमस्कार करून झाल्यावर घरातल्या मुलाशेजारी जाऊन बसणे आपल्या हातात आहे. बोललेच पाहिजे असे नाही. सुतक त्यालाही आहे, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ.