रमाईचे घरकुल आणि ठेकेदाराचे दार

नाकाडोंगरीला माझी मावशी राहते. तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेकडचे हे गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. मावशीचे आयुष्य मात्र दुसऱ्याच्या बांधीत धान रोवण्यात गेले. रमाई आवास योजनेच्या यादीत तिचे नाव आले, तेव्हा तिने वस्तीत खीर वाटली. कवेलूच्या गळक्या घरातून आता स्लॅबच्या घरात जायचे होते.

यादी लागल्यावर आठ दिवसांतच ठेकेदार दारात आला. "मावशी, तुम्ही कायले तरास घेता? पासबुक माझ्यापाशी द्या. मी चावीच तुमच्या हातात देतो." मावशीने पासबुक दिले. पैसे काढण्याच्या कागदांवर अंगठे दिले. पायवा झाला, भिंती उठल्या, स्लॅब पडला. मग एक दिवस दारे, खिडक्या बसल्या. मावशीला दारात उभे करून फोटो काढला गेला. संध्याकाळी तीच दारे ट्रॅक्टरवर चढून दुसऱ्या लाभार्थ्याच्या घरी फोटोला गेली, ती परत आलीच नाहीत. सरकारदरबारी घर पूर्ण झाले. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळू लागला, आणि मावशी चौकटीला जुने लुगडे बांधून झोपू लागली.

बांधवांनो, यातले सर्वांत कटू सत्य पुढेच आहे. हा ठेकेदार कोणी परका नव्हता. तो आपल्याच वस्तीतला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालणारा. म्हणून मावशी तक्रारीला तयार नाही. "जाऊ दे बापा, आपलाच पोरगा हाये." आपला म्हणून माफ करायचे, तर मग परक्याने लुटले तेव्हा कोणत्या तोंडाने बोलायचे?

मुळात घरकुलात ठेकेदार आलाच कसा? प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. बांधकामासाठी ठेकेदार नेमू नये, घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, असे तिच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिले आहे. त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेतही हाच नियम होता. रमाईचे अनुदानही थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होते, ते मधला माणूस नको म्हणूनच. पण अनुदान येते हप्त्यांनी. टप्पा पूर्ण झाला, फोटो चढला, की पुढचा हप्ता. मधल्या काळात सिमेंट, लोहा, गिट्टी कशाने आणायची? ज्याच्या घरात उद्याच्या तांदळाची सोय नाही, तो पदरचे पैसे कुठून घालणार? या फटीतून ठेकेदार आत शिरतो. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत रेती विनामूल्य देण्याची तरतूद आहे. वैनगंगा आणि बावनथडीच्या जिल्ह्यात राहून आमच्या मावशीला हे कोणी सांगितले नाही. ठेकेदाराने रेतीचेही पैसे लावले.

या भागाला ठेकेदार नवा नाही. इंग्रजांच्या काळापासून मँगनीज निघाले, आणि खाणीच्या तोंडाशी मजूर पुरवणारा ठेकेदार उभा राहिला. बिडीच्या धंद्यात तो खराब म्हणून बिड्या छाटायचा, मजुरी कापायचा आणि छाटलेल्या बिड्याही ठेवून घ्यायचा. म्हणूनच बिडी कामगारांसाठी १९६६ चा आणि कंत्राटी मजुरांसाठी १९७० चा कायदा करावा लागला. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या संहितेत गेले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, पण मजुराचा अंगठा आणि ठेकेदाराची वही यांचे नाते बदलले का?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजुराचे भले मालकाच्या दयेवर सोडू नये, त्याला कायद्याचा आधार हवा, हा त्यांचा आग्रह होता. १९५४ साली याच भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. त्या पराभवाची खंत आपण दरवर्षी भाषणांतून सांगतो. पण त्यांचा झेंडा खांद्यावर घेऊन म्हातारीचे पासबुक खिशात घालणाऱ्याला आपण व्यासपीठावर खुर्ची देतो, त्याचे काय?

आता करायचे काय? पहिली गोष्ट, पासबुक, एटीएम कार्ड आणि अंगठा कोणाच्याही हाती देऊ नका. मिस्त्री लावा, पण काम पाहून मजुरी द्या आणि दिलेल्या पैशाची सही घ्या. वृद्ध आणि अपंग लाभार्थ्यांना बांधकामात मदत मिळवून देणे हे यंत्रणेचे काम आहे, ते ग्रामसभेत मागा. फसवणूक झालीच असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. पूर्वीचे कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. मोबदला घेऊन घर बांधून देणे ही कायद्याने सेवा आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि हे सर्व एकट्या म्हातारीने करायचे नाही. वस्तीतल्या शिकल्या-सवरल्या पोरांनी विहारात बसून प्रत्येक घरकुलाचा हिशेब वाचून दाखवावा. हप्ता किती आला, कोणी उचलला, काम किती झाले. हिशेब उघडा झाला की चोरी अवघड होते.

माता रमाईचा संसार परळच्या चाळीतल्या छोट्या खोल्यांत काटकसरीने झाला. तिच्या नावाने मिळालेल्या घराला आज दार नाही. पुढच्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजे लावण्याआधी मावशीच्या घराला दार लावू. आणि त्या दाराचे पैसे ज्याने खाल्ले, त्याच्याकडून ते कायद्याने वसूल करू. जयभीम!