खतावणीतून निघणारे पत्र

नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की ऐकणाऱ्याला अधिक सांगावे लागत नाही. १९२५ साली येथे सुरू झालेल्या प्रतिभूती मुद्रणालयामुळे टपाल तिकिटांसाठी लंडनच्या छापखान्यावर अवलंबून राहण्याची गरज संपली. नोव्हेंबर १९४७ मध्ये निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’ ही अक्षरे मिरवणारे, येथेच छापले गेले. देशातील कोणत्याही गावच्या व्यापाऱ्याने उधारीची आठवण देणारे पाकीट टाकले, तर त्यावर नाशिकची एक छोटीशी खूण चिकटत असे. त्याच नाशिकच्या पेढ्यांत आता पत्र लिहिणारा दिवाणजी राहिलेला नाही. रविवार कारंजा असो वा सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, ग्राहकाला जाणारे पत्र हिशेबाच्या संगणकातूनच निघते आणि पाकिटावरचा पत्ताही तेथूनच येतो.

ही सोय दिसते तितकी साधी नाही. पत्र यंत्र छापते. परंतु त्याखाली सही पेढीची असते.

पूर्वीची पद्धत आठवणारी मंडळी अजून अनेक घरांत आहेत. कीर्द, खतावणी आणि त्यांच्या शेजारी जावक पत्रांची नकलवही असे. ‘श्री’ काढून, ‘सप्रेम जय जिनेंद्र, विनंती विशेष’ असा प्रारंभ करून दिवाणजी मजकुरास हात घालीत. येणे बाकी किती, माल कोणत्या तिथीचा, हे खतावणी समोर उघडी ठेवूनच लिहिले जाई. या पद्धतीत वेळ फार जाई. पण एक तपासणी आपसूक होत असे. ज्याला तगादा करायचा त्याचे संपूर्ण खाते लिहिणाऱ्याच्या नजरेखालून जाई. गेल्याच आठवड्यात रक्कम भरून गेलेल्या गृहस्थाला चुकून पत्र जाणे जवळजवळ अशक्य होते, कारण ती रक्कम जमा करणारा हात आणि पत्र लिहिणारा हात एकच होता.

संगणकाने हे दोन हात वेगळे केले. भारतीय व्यापाऱ्याच्या परिचयाचे ‘टॅली’ हे सॉफ्टवेअर मुळात एका व्यापाऱ्याच्याच गरजेतून जन्मले. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. मनासारखी हिशेबप्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांना ती तयार करण्यास सांगितले. १९८६ साली बंगळूरमध्ये ते काम उभे राहिले. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वहीची मांडणी ओळखणाऱ्या घरातून ही प्रणाली आल्यामुळे तिची भाषा आपल्या मुनीमांना परकी वाटली नाही. २००६ च्या ‘टॅली ९’ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करण्याची सोयही आली.

या प्रणालीत प्रत्येक ग्राहकाचे खाते उघडताना नाव, पत्ता, राज्य, पिनकोड आणि जीएसटी क्रमांक भरण्यासाठी जागा असते. हीच माहिती पुढे बिलावर, खातेउताऱ्यावर, बाकी-खातरजमेच्या पत्रावर आणि थकबाकीच्या स्मरणपत्रावर उमटते. एकेका ग्राहकाचे पत्र काढता येते, तसे ‘संड्री डेटर्स’ या गटातील सर्वांची पत्रे एकाच आज्ञेने छापता येतात. पाकिटावरच्या लेबलांसाठी पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये घेऊन ती वर्डच्या ‘मेल मर्ज’ला जोडतात. ए-फोर आकाराच्या चिकट कागदावर तीन रकाने आणि आठ ओळी, अशी चोवीस लेबले बसणारा कागद स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतो. पहिली प्रत साध्या कागदावर काढावी आणि लेबलाच्या कागदाखाली ठेवून उजेडात धरून पाहावी. ओळ जरा जरी सरकली, तरी शेवटच्या रांगेतील पिनकोड कापला जातो आणि महागडा कागद वाया जातो.

येथवरचे काम कोणताही हुशार मुलगा तासाभरात शिकतो. खरी मेख स्मरणपत्रात आहे.

थकबाकी बिलवार दाखवायची असेल, तर आलेली प्रत्येक रक्कम कोणत्या बिलापोटी आली, हे नोंद करतानाच सांगावे लागते. घाईत ते न सांगता रक्कम नुसती ‘ऑन अकाउंट’ टाकली, तर खात्याची एकूण बाकी बरोबर राहते. मात्र जुने बिल उघडेच दिसते. यंत्र मग त्या बिलाचा दिनांक पाहते, दिवस मोजते आणि निर्विकारपणे स्मरणपत्र काढते. पैसे चुकते केलेल्या माणसाच्या हातात ‘आपणाकडून पुढील बिलांची रक्कम येणे आहे’ असा कागद पडतो. रक्कम पाच हजारांची असेल. पण वीस वर्षे व्यवहार असलेल्या माणसाला तो अपमान वाटला, तर त्याची भरपाई कोणत्या खात्यात नोंदवणार? स्मरणपत्रे छापण्यापूर्वी ‘ऑन अकाउंट’ पडून राहिलेल्या रकमा संबंधित बिलांशी जुळवणे, हे म्हणूनच छपाईपेक्षा मोठे काम आहे. ते मालकाने स्वतः पाहावे; नोकरावर सोडू नये. आणि पत्राच्या शेवटी ‘दरम्यान रक्कम पाठवली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे’ ही ओळ असावीच. पूर्वी बिलांवर ‘भूलचूक देणेघेणे’ छापीत, त्या वृत्तीचीच ती ओळ आहे.

बाकी-खातरजमेचे पत्र दिसायला साधे असते. ३१ मार्चअखेर आमच्या वहीत आपल्या नावे अमुक रक्कम आहे, आपल्या वहीत तीच असल्यास सही करून एक प्रत परत पाठवावी, एवढाच मजकूर. बहुतेक पेढ्या हे पत्र लेखापरीक्षक मागतात म्हणून पाठवतात आणि परत आलेल्या प्रती फायलीत बांधून ठेवतात. त्या सहीचे वजन मात्र फार मोठे असू शकते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उधार मालाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने आपल्या सहीनिशी देणे लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजली जाते. कायद्याच्या १८ व्या कलमाचा हा आधार आहे. ओळखीपाळखीच्या व्यवहारात दावा कोण लावतो, असे म्हणून हसणारे पुष्कळ असतात. दुकान वाटणीत गेले, वडील गेले, मुलगा ‘मला या उधारीची कल्पना नाही’ म्हणाला, की त्या जुन्या सहीचा शोध सुरू होतो. मजकूर कसा असावा, हे एकदा आपल्या वकिलाला विचारून ठरवावे.

पत्त्याच्या लेबलालाही कायद्यात स्थान आहे. १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस’ कायद्याचे २७ वे कलम सांगते की, योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेले पत्र, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोहोचले असे धरावे. धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. अशा नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलवी हाजी प्रकरणात हेच गृहीतक मान्य केले. सगळा भर ‘योग्य पत्ता’ या दोन शब्दांवर आहे. ग्राहकाने गाळा बदलून चार वर्षे झाली आणि पेढीच्या संगणकात जुनाच गाळा असला, तर कागद कितीही सुबक छापलेला असो, त्याचा आधार डळमळतो. रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, हेही पाठवणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

नाशिक जिल्ह्यातील पत्ते लिहिण्यात एक निराळी अडचण आहे. जिल्हा एक, पण पिनकोडच्या मालिका दोन. नाशिक शहर ४२२००१, नाशिकरोड ४२२१०१, लासलगाव ४२२३०६. परंतु मालेगाव ४२३२०३ आणि येवला ४२३४०१. पहिले तीन अंक टपाल कोणत्या वर्गणी-जिल्ह्यात जाणार हे ठरवतात. त्यामुळे ‘जिल्हा नाशिक आहे ना, मग ४२२ असणारच’ असे धरून भरलेला पिनकोड मालेगावचे पाकीट आधी भलतीकडे नेतो. गावांच्या नावांचा घोळ तर सर्वांच्या परिचयाचा. द्राक्षे आणि कांद्यासाठी प्रसिद्ध असलेले पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यात. पिंपळगाव हरेश्वर जळगाव जिल्ह्यात. पिंपळगाव राजा बुलढाण्यात. नुसते ‘मु. पो. पिंपळगाव’ लिहून पाठवलेल्या पत्राने जावे कोठे? नेमका हाच गोंधळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, आणि संस्कृतचे कवीही होते.

लेबलावर चार-पाच ओळींहून अधिक मजकूर मावत नाही. ‘जुन्या बँकेच्या मागे, गणपती मंदिरासमोर’ या खुणा उपयोगी असतात, पण त्यांच्यामुळे तालुका खाली ढकलला जाऊन छपाईत कापला जाऊ नये. आपल्याकडे एकाच कुटुंबाच्या तीन पेढ्या, एकच आडनाव, एकच इमारत, असेही पुष्कळदा असते. तेथे पेढीचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर असावे, म्हणजे थोरल्या भावाचा हिशेब धाकट्याच्या मेजावर उघडला जाणार नाही. दुसऱ्याची उधारी तिसऱ्याला कळणे ही केवळ गैरसोय नसते. टपालातून परत आलेल्या पाकिटांची तर बहुतेक ठिकाणी रद्दीच होते. ‘अपुरा पत्ता’ किंवा ‘लेफ्ट’ असा पोस्टमनचा शेरा म्हणजे फुकट मिळालेली तपासणी. फोन करून त्याच दिवशी खात्यातील पत्ता दुरुस्त करावा, तेव्हा पुढचे बिलही नीट निघते.

आता खातेउतारे व्हॉट्सअॅपवर जातात. टॅलीच्या नव्या आवृत्त्यांत तशी सोयही आहे. किरकोळ आठवणीसाठी ते पुरेसे आहे. कागदी पत्र राहिले आहे ते सहीसाठी, कायद्यासाठी आणि वर्षातून एकदा जाणाऱ्या त्या तिसऱ्या पत्रासाठी.

पर्युषणानंतर क्षमापनेचे पत्र ग्राहकांना व अडत्यांना पाठवण्याची चाल आपल्या अनेक पेढ्यांत आहे. तिचे मूळ जुने आहे. श्वेतांबर संघांकडून आचार्यांना जाणाऱ्या विज्ञप्तिपत्रांत संवत्सरीची क्षमायाचना आणि चातुर्मासाचे निमंत्रण असे. त्या लांबलचक चित्रपटांवर पाठवणाऱ्या गावाची मंदिरे, रस्ते आणि दुकाने रंगवलेली असत. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठवलेले, शालिवाहन चित्रकाराचे पत्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. इतका थाट आज कोणी करणार नाही, करण्याचे कारणही नाही. निदान हे पत्र थकबाकीच्या उताऱ्यासह एका पाकिटात घालू नये, एवढे पथ्य तरी पाळावे. एका कागदावर ‘मिच्छामि दुक्कडं’ आणि दुसऱ्यावर ‘त्वरित भरणा करावा’, असे वाचून कोणता ग्राहक पहिल्या कागदावर विश्वास ठेवील?

या पत्रांची लेबले काढताना आणखी एक गोष्ट सहज निसटते. पत्त्यांची यादी बहुधा बाकी असलेल्या खात्यांवरून निघते. ज्याच्याशी वाद होऊन हिशेब मिटवला, ज्याने दुसरीकडून माल घेणे सुरू केले, त्याच्या खात्यावर शून्य असते, आणि ज्याच्याकडे हे पत्र प्रथम जायला हवे तोच या यादीत नसतो. त्यासाठी बाकीचा निकष काढून, गेल्या तीन-चार वर्षांत एकदाही व्यवहार झालेली सर्व खाती मागवावी लागतात. यादी लांबते, लेबलांचे दोन-तीन कागद जास्त लागतात. त्यांतील काही नावांसमोर मालक क्षणभर थांबतात आणि तेवढी चार-पाच पाकिटे बाजूला ठेवून त्यांवरचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहितात.