गुप्ततेच्या नावाखाली अडलेला कागद

मनोरुग्णालयातील कागदपत्रे गोपनीय असतात, ती तेथील दप्तराबाहेर जात नाहीत आणि गेलीच तरी ती दुसऱ्या डॉक्टरास दाखवावयाची नसतात, हा समज मावळात लोणावळ्याच्या तुंगार्लीपासून कामशेतपर्यंत इतक्या सुशिक्षित तोंडांतून आणि इतक्या ठामपणे ऐकावयास मिळतो, की असे कोठल्या कायद्यात लिहिले आहे हे विचारण्याचेही कोणास सुचत नाही. हा समज दोन बाजूंनी पोसला जातो. कोठे रुग्णालयातील कारकून खिडकीतून सांगतो, की ही फाइल बाहेर देता येत नाही. आणि कोठे जेमतेम हाती आलेले डिस्चार्ज कार्ड घरातील वडीलधारी मंडळी कपाटाच्या तळाशी ठेवतात आणि बजावतात, की इथल्या डॉक्टरला एवढेच सांग, झोपेची गोळी चालू आहे. दोघांचाही हेतू वाईट नसतो. परंतु या दोन सद्हेतूंच्या मध्ये रुग्ण मात्र उपचारांवाचून उभा राहतो, आणि हे वारंवार घडताना पाहून शांत राहणे कठीण जाते.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ ने आपला आजार, उपचार व प्रकृती यांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. मात्र तो हक्क रुग्णाला दिला आहे, रुग्णालयाला नव्हे, आणि रुग्णाच्या हक्काची ढाल करून त्याचाच कागद त्याच्यापासून अडविणे हा त्या कलमाचा विपर्यास आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अपवाद सांगितले आहेत. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे कर्तव्य बजावता यावे म्हणून माहिती देता येते. आणि अन्य मानसोपचारतज्ज्ञांना व अन्य आरोग्य व्यावसायिकांना, त्यांनी रुग्णावर उपचार करावेत एवढ्याचसाठी, ती देता येते. म्हणजे ज्या देवघेवीला लोक गोपनीयतेचा भंग समजतात, ती कायद्याने नाव घेऊन मोकळी ठेवली आहे. बंदी आहे ती वृत्तपत्रांना व प्रसारमाध्यमांना रुग्णाच्या संमतीवाचून माहिती वा छायाचित्र देण्यावर, आणि ती योग्यच आहे. जिज्ञासू शेजारी, कारखान्याचा मुकादम किंवा सोयरीक जुळविणारा मध्यस्थ यांनाही त्या फाइलवर काडीचा अधिकार नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि चौकशी करणारा शेजारी यांना एकाच पंक्तीला बसविणे, हीच या गैरसमजाची मूळ चूक आहे.

हा समज आला कोठून, याचेही उत्तर इतिहासात सापडते. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याखाली माणूस बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत जात असे. त्याची फाइल ही उपचारांची नोंद असण्यापेक्षा त्याला ताब्यात घेतल्याचा दस्तऐवज अधिक असे, आणि असा दस्तऐवज ज्याच्या त्याच्या हाती देण्याची पद्धत कोणत्याही सरकारी कचेरीत नव्हती. त्याच्या जागी आलेला १९८७ चा कायदा १९९३ साली अमलात येईपर्यंत हेच चालले. ज्या येरवड्यात तुरुंग आहे त्याच येरवड्यात मनोरुग्णालय आहे, या योगायोगाने पुणे जिल्ह्याच्या मनात दोन्ही संस्था एकमेकींत मिसळल्या. कायदा दोनदा बदलला. खिडकीवरचे आणि घरातले उत्तर मात्र तेच राहिले.

आता या उत्तराची किंमत कोण मोजतो ते पाहावे. समजा, तुंगार्लीतील एक तरुण पुण्याच्या बाजूच्या मनोरुग्णालयातून महिन्याभराने घरी आला आहे. लोणावळ्याची परिस्थिती अशी, की ते दोन महानगरांच्या मध्ये आहे: कोणाचे नातेवाईक त्याला लोकलने ६४ किलोमीटर पुण्याला व तेथून येरवड्याला नेतात, तर कोणी घाट उतरून ठाण्याला, आणि एकाच माणसाचे पहिले दाखल होणे एका शहरात व दुसरे दुसऱ्या शहरात, असे झाले म्हणजे त्याच्या आजाराचा अर्धा इतिहास एका दप्तरात व अर्धा दुसऱ्यात पडून राहतो. त्यात आषाढ-श्रावणात दरड कोसळून गाड्या अडल्या, की ठरलेली फॉलोअपची तारीख चुकते, आणि गावातील डॉक्टरकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्या डॉक्टरापुढे कागद नसेल, तर तो काय करील?

त्या तरुणाला क्लोझापिन चालू असेल आणि गोळ्या दोन दिवसांहून अधिक खंडित झाल्या असतील, तर पूर्वीची मात्रा एकदम सुरू करता येत नाही; ती पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावी लागते, अन्यथा रक्तदाब एकाएकी कोसळण्याचा किंवा झटके येण्याचा धोका असतो. शिवाय या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्यास रक्त तपासावे लागते. शेवटची तपासणी केव्हा झाली व तीत काय निघाले, हे कार्डावर नसेल तर पुढचा डॉक्टर आंधळा आहे. लिथियम चालू असेल तर त्याचे रक्तातील प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट एवढ्या अरुंद पट्ट्यात राखावे लागते, आणि पाठदुखीसाठी सहज लिहून दिलेल्या आयब्युप्रोफेनने किंवा चार दिवसांच्या जुलाबाने ते विषारी पातळीवर जाऊ शकते. हात थरथरणे, तोल जाणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे आहेत. ज्याला ‘झोपेची गोळी’ एवढेच सांगितले आहे, त्या डॉक्टराने आयब्युप्रोफेन लिहून दिले, तर दोष कोणाला द्यावयाचा? आणि महिन्याकाठी घ्यावयाचे फ्लुफेनाझिनसारखे इंजेक्शन असेल, तर मागचे कोणत्या तारखेला, कोणत्या मात्रेचे दिले, ही एक ओळ नसल्यामुळे एक तर ते दुबार दिले जाते किंवा दिलेच जात नाही. ही सारी माहिती अर्ध्या पानावर मावते, आणि हे अर्धे पान गुप्ततेच्या नावाखाली अडून राहते.

यात दिरंगाई चालत नाही, कारण घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडेच सर्वांत नाजूक असतात. ‘जामा सायकिॲट्री’ या नियतकालिकात २०१७ साली शंभर अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांत आत्महत्येचे प्रमाण दर लाख व्यक्तिवर्षांमागे ४८४ आढळले, आणि पहिल्या तीन महिन्यांपुरते पाहिले तर ते ११३२ पर्यंत गेले. सर्वसाधारण लोकसंख्येत हा आकडा जगभर लाखास दहाच्या आसपास असतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने डिस्चार्जनंतर ७२ तासांत रुग्णाशी संपर्क साधण्याचा दंडक घातला, तो याच कारणाने. आपल्याकडे त्याच तीन महिन्यांत कागद कपाटात असतो.

आपल्या कायद्याने याचा विचार केला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कलम ९८ प्रमाणे रुग्णास घरी सोडताना, दुसऱ्या संस्थेत हलविताना किंवा नव्या मानसोपचारतज्ज्ञाकडे सोपविताना, आजवर उपचार केलेल्या तज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, तो ज्यांच्या घरी राहणार त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी विचारविनिमय करून पुढील उपचारांची योजना तयार करावयाची आहे. हे सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नसताना ‘पुढचा तज्ज्ञ’ मावळात शोधावयाचा कोठे, ही अडचण खरी आहे. पण तीच अडचण कागद अधिक तपशीलवार असण्याचे कारण ठरते, कारण तो वाचणारा बहुधा सरकारी रुग्णालयातील सामान्य वैद्यकीय अधिकारी असणार.

आणि कलम २५ ने रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत त्यासाठी अर्जाचा नमुना आहे, आणि अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत नोंदींची प्रत द्यावयाची आहे. एखादा विशिष्ट मजकूर वाचून रुग्णास गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना अपाय संभवेल, असे वाटल्यास तेवढा मजकूर राखून ठेवता येतो; संपूर्ण फाइल नव्हे. तसे केल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो हेही रुग्णास सांगणे बंधनकारक आहे.

घरच्यांची भीती मी क्षुल्लक मानीत नाही. मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, उद्या कोणी कोर्टात हाच कागद पुढे करील, ही भीती आपल्या समाजाने त्यांना शिकविलेली आहे. म्हणून कलम ३ मधील एक तरतूद त्यांना मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटते: पूर्वी मनोरुग्णालयात उपचार घेतले होते, एवढ्यावरूनच आज किंवा पुढे कोणासही मानसिक आजारी ठरविता येत नाही. आणि ज्या विवाहितेला आपली माहिती सासरी कळू नये असे वाटते, तिने साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून माहेरचा भाऊ, मैत्रीण किंवा आणखी कोणी प्रौढ व्यक्ती आपली नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून, त्या व्यक्तीच्या संमतीने, नेमावी. कलम १४ ने तिला ही मुभा दिली आहे. तिने कोणास नेमलेच नाही, तर मात्र हा मान आपोआप नातेवाइकाकडे जातो. गुप्तता राखण्याचा कायदेशीर मार्ग हा आहे; कागद फाडून टाकणे हा नव्हे.

आणखी काही समज ओघातच निकालात काढतो. डिस्चार्ज म्हणजे आजार बरा झाला, आता गोळ्या बंद, असे नव्हे: ‘लॅन्सेट’मधील २०१२ च्या विश्लेषणात स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांची औषधे चालू राहिली, त्यांच्यापैकी वर्षभरात २७ टक्क्यांना आजार उलटला, आणि ज्यांची थांबली त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांना. औषधे येरवड्यासच मिळतात, हेही खरे नव्हे. अधिसूचित यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळण्याचा हक्क कलम १८ मध्ये आहे, तेव्हा मावळातील माणसाने प्रथम कान्हे येथील सरकारी रुग्णालयात विचारावे. घरच्यांनी नाकारलेल्या माणसाला आयुष्यभर आतच ठेवावे लागते, हा समज कलम १९ ने खोटा ठरविला आहे. आभा हा डिजिटल आरोग्य क्रमांक काढला की सारी फाइल सर्वांना दिसते, ही अफवा आहे. त्या व्यवस्थेत नोंद पुढे जाण्यासाठी रुग्णाची संमती लागते. आणि मध्यरात्री रुग्ण अस्वस्थ झाला तर सकाळची वाट पाहण्यावाचून उपाय नाही, असेही नाही: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालू असतो.

घरी निघण्याच्या दिवशी औषधांची पिशवी घेण्याआधी कार्डावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: निदान, प्रत्येक औषधाचे मूळ नाव व मात्रा, शेवटच्या इंजेक्शनाची तारीख, शेवटच्या रक्ततपासणीचा निकाल, कोणते औषध पूर्वी सोसले नाही, आजार उलटू लागल्याची या रुग्णातील पहिली खूण, आणि अडचण आल्यास फोन कोणास करावयाचा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक रुग्णाजवळ राहावी व एक जवळच्या डॉक्टराकडे. खिडकीवर कोणी गोपनीयतेचे कारण सांगितले, तर वाद न घालता कलम २५ चा अर्ज तेथेच द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. त्या पोहोचेवरील तारखेपासून पंधरा दिवस मोजावयाचे असतात.