होया : आधी ओळख, मग निगा

शहरांतील रोपवाटिकांमध्ये अलीकडे एक वेल वारंवार नजरेस पडू लागली आहे. जाडसर, चकचकीत पाने, टांगत्या कुंडीतून खाली झेपावणारे लांब फाटे आणि कुंडीत खोचलेल्या पट्टीवर 'होया' एवढाच शब्द. मेणातून कोरून काढल्यासारख्या फुलांच्या गुच्छांमुळे तिला 'वॅक्स प्लांट' असेही म्हणतात. मनी प्लांट आणि तुळस यांची निगा राखण्यास सरावलेली मंडळी ही वेल हौसेने घरी आणतात, त्याच दिवशी मोठ्या कुंडीत लावतात, शेणखत घालतात आणि रोज सकाळी न चुकता पाणी देतात. दोन-तीन महिन्यांत पाने पिवळी पडून गळू लागतात, खोड बुंध्याशी मऊ होते आणि वेल दगावते. उपेक्षेपेक्षा अतिलाडानेच अधिक होया मरतात, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ही वेल मुळात राहते कुठे आणि वाढते कशी, हे जाणून घेतले तर तिच्या निगेचे बहुतेक नियम आपोआप उमगतात.

रुईची नातलग

स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० साली या प्रजातीला 'होया' हे नाव दिले, ते लंडननजीकच्या सायन हाउस येथील ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंडच्या बागेचे प्रमुख माळी थॉमस हॉय यांच्या गौरवार्थ. एका माळ्याचे नाव असे वनस्पतिशास्त्रात चिरंतन झाले. आज या प्रजातीत चारशेहून अधिक जाती गणल्या जातात. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियामार्गे थेट ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंत त्यांचा विस्तार आहे.

विदेशी वाटणारी ही वेल आपल्याला अगदीच परकी नाही. रुई, अनंतमूळ, कण्हेर, सदाफुली यांच्याच कुळातील ती आहे. पान तोडताच दिसणारा पांढरा चीक हा त्या नात्याचा पुरावा. रुईप्रमाणेच होयाच्या फुलातही पराग सुटे नसून पुंजक्यांनी बांधलेले असतात. 'होया वायटाय' आणि 'होया रेटुसा' या जाती तर पश्चिम घाटातील रहिवासी. पैकी पहिलीचे नाव मद्रास इलाख्यात काम केलेले शल्यचिकित्सक व वनस्पतितज्ज्ञ रॉबर्ट वाइट यांच्यावरून पडले.

होयाच्या बहुतेक जाती झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणाऱ्या अपिवनस्पती आहेत. बांडगुळाप्रमाणे त्या आश्रय देणाऱ्या झाडाचा रस शोषत नाहीत. केवळ आधार घेतात. सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा हीच त्यांची माती. पाऊस आला की मुळे भिजतात आणि वारा सुटला की लगेच सुकतात. पाण्याचा साठा करावा लागतो तो मांसल पानांत. 'होया कार्नोसा'सारख्या जाती तर निवडुंगाप्रमाणे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री ती उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड साठवतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. काटकसरीने जगण्याची अशी सवय असलेल्या वेलीला सतत ओल्या मातीत ठेवणे म्हणजे तिची मुळे गुदमरविणे होय.

पहिला महिना

नवी वेल घरी आल्यावर तिला इतर झाडांपासून तीन-चार आठवडे दूर ठेवावे. या काळात पानांची मागील बाजू, पेरे आणि पानाच्या देठाची बेचके भिंगाने तपासावीत. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. खोडाला चिकटलेले तपकिरी टोपीसारखे ठिपके म्हणजे खवले कीड. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसण्याचीही शक्यता असते. हा मावा मूळचा रुई-कण्हेरीचा शौकीन. त्यामुळे सोसायटीच्या आवारात कण्हेर असेल तर गॅलरीतील होयावर अधिक लक्ष ठेवलेले बरे. कीड थोडी असेल तर ओल्या कापडाने पुसून काढावी. जास्त असल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व द्रव साबणाचे काही थेंब मिसळून सायंकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. फवारणी केलेली वेल लगेच उन्हात ठेवू नये.

पार्सलने मागविलेली रोपे खोक्याच्या अंधारात काही दिवस काढून आलेली असतात. पाने मलूल दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. अशा रोपाला एकदा पाणी देऊन ते निथळू द्यावे, सावलीत पण उजेडात ठेवावे आणि खत मुळीच देऊ नये. एखाद-दुसरे जुने पान गळणे हा स्थलांतराचा स्वाभाविक परिणाम आहे.

कुंडी बदलण्याची घाई सहसा नसावी. मुळे दाटलेली असताना होया खुशाल वाढते. मात्र रोप निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेले असेल आणि ते चार-चार दिवस ओलेच राहत असेल, तर बदल करणे भाग आहे. तेव्हाही कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा बोटभरच मोठी घ्यावी. नारळाच्या सोडणाचे लहान तुकडे, लाकडी कोळशाचे खडे, विटांचा चुरा किंवा परलाइट आणि थोडे कोकोपीट असे सैल मिश्रण तिला मानवते. हाताच्या मुठीत दाबल्यावर ज्याचा गोळा होत नाही, ते मिश्रण योग्य.

पाणी किती दिवसांनी द्यावे, याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. ते वेलीला विचारावे. कुंडी उचलून पाहिली असता हलकी लागली आणि खालचे जुने पान दोन बोटांत धरून वाकविल्यावर सहज वाकले, तर तहान लागली आहे असे समजावे. पान ताठ असेल तर थांबावे. पाणी दिले की ते तळाच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. पाने सुरकुतलेली आणि माती मात्र ओली, अशी स्थिती दिसली तर मुळे कुजली आहेत हे ओळखावे. अशा वेळी आणखी पाणी देणे घातक ठरते. वेल उपटून कुजका भाग कापावा आणि धडधाकट फाटे नव्याने लावावेत.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे कोवळे ऊन उत्तम. पांढरे वा पिवळसर पट्टे असलेल्या प्रकारांत हरितद्रव्य कमी असल्याने त्यांना उजेड अधिक लागतो. दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होया जगेल, पण फुलणार नाही.

नाव कसे ओळखावे?

पट्टीवरच्या नावावर पूर्ण विसंबता येत नाही. अनेक ठिकाणी सर्वच वेलींना सरसकट 'कार्नोसा' म्हटले जाते, तर काही वेळा होया नसलेली वेलही त्या नावाने खपविली जाते. पहिली परीक्षा चिकाची. होयाची पाने बहुधा समोरासमोर जोडीने येतात आणि देठ मोडल्यास पांढरा चीक निघतो. पेपेरोमियाचीही पाने मांसल असतात, पण त्यांत असा चीक नसतो. डिस्किडिया ही मात्र होयाची सख्खी बहीण. तिलाही चीक असतो. तिची फुले बारीक, सुरईसारखी आणि अर्धवट मिटलेली असतात, तर होयाची फुले पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी उमलतात आणि मधोमध दुसरी छोटी, चकचकीत चांदणी बसविलेली दिसते.

बाजारात नेहमी दिसणाऱ्या जातींची ओळख पानांवरून बऱ्यापैकी पटू शकते. 'कार्नोसा'ची पाने लांबट-गोल, गर्द हिरवी असतात व फुले फिकट गुलाबी. तिच्या 'क्रिमसन क्वीन' या प्रकारात पानाच्या कडा पांढऱ्या-गुलाबी असतात, तर 'क्रिमसन प्रिन्सेस'मध्ये कडा हिरव्या राहून मधला भाग पिवळसर पांढरा असतो. पाने मुडपून दोरखंडासारखा पीळ पडलेली 'कॉम्पॅक्टा' हीही कार्नोसाच. 'प्युबिकॅलिक्स'ची पाने अधिक निमुळती, त्यांवर रुपेरी शिंतोडे आणि फुले सहसा गडद गुलाबी ते मरून. 'ऑस्ट्रेलिस'ची पाने तुळतुळीत व रुंद, फुले पांढरी. 'ओबोवाटा'ची पाने जाड, गोलाकार आणि बहुधा रुपेरी ठिपक्यांची. 'केरी'ची हृदयाकृती, टोकाला स्पष्ट खाच असलेली. 'कर्टिसाय'ची नखाएवढी, ठिपकेदार पाने मातीलगत पसरतात. 'वायेटी'ची पाने अरुंद आणि तांबूस कडांची. 'लिनिअरिस'ची मऊ, लवदार, सुतळीसारखी पाने सरळ खाली लोंबतात.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. ओळखीवर निगा अवलंबून आहे. 'केरी', 'ओबोवाटा' यांसारख्या जाड पानांच्या जाती दोन आठवडे कोरड्या राहिल्या तरी फारसे बिघडत नाही. 'बेला' किंवा 'लिनिअरिस'च्या पातळ पानांत तेवढा साठा नसतो. त्यांची माती पूर्ण कोरडी होऊ देणे महागात पडते. शिवाय 'लिनिअरिस' ही हिमालयाच्या थंड, दमट रानांतली. मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात तिचा निभाव लागणे कठीण. नाव न कळताच खरेदी केली तर दोष आपल्या हाताला दिला जातो, प्रत्यक्षात निवडच चुकलेली असते.

तरीही पानांवरून बांधलेला अंदाज हा अंदाजच. प्रकाश, वय आणि पाणी यांनुसार एकाच वेलीची पाने आकार व रंग बदलतात. खात्रीची ओळख फुलावरूनच पटते. तोवर पट्टीवर 'अनोळखी होया', खरेदीची तारीख आणि रोपवाटिकेचे नाव लिहून ठेवावे. फूल आले की रंग, पाकळ्यांवरील लव, मधल्या चांदणीचा आकार आणि सुगंधाची वेळ यांची नोंद करून छायाचित्र घ्यावे. अनेक जातींचा दरवळ सूर्यास्तानंतरच सुटतो.

एका पानाचे हृदय

फेब्रुवारीत 'व्हॅलेंटाइन डे'च्या सुमारास छोट्या कुंडीत उभे रोवलेले एकच हृदयाकृती पान भेटवस्तू म्हणून विकले जाते. हे 'होया केरी'चे पान. त्याला मुळे फुटतात आणि ते वर्षानुवर्षे हिरवेही राहते; परंतु नवा कोंब पेरातून फुटतो, निव्वळ पानाला पेर नसते. त्यामुळे अशा पानाची वेल जवळजवळ कधीच होत नाही. घेणाऱ्याने ते शोभेची वस्तू म्हणून जरूर घ्यावे. वेल हवी असेल तर मात्र देठाच्या तळाशी खोडाचा तुकडा आहे का, हे माती किंचित बाजूला सारून पाहावे. अन्यथा पानांच्या निदान दोन जोड्या असलेले रोपच निवडावे.

कात्री जपून

होयाचे कोवळे फाटे कित्येकदा हात-दीड हात लांब वाढतात, तरी त्यांवर पाने दिसत नाहीत. ते वाळके समजून छाटू नयेत. आधार सापडला की त्यांवर पाने येतात. याहून मोठी चूक फुलांचा बहर ओसरल्यावर होते. बहुतेक जातींत ज्या आखूड दांड्यावर फुले येतात, त्याच दांड्यावर पुढल्या वर्षीही येतात. इतर झाडांच्या सवयीने तो कापला, तर पुढचा बहरच कापला जातो. कळ्या धरलेल्या असताना कुंडीची जागाही बदलू नये, कळ्या गळतात. फुलांतून मधाचे थेंब ठिबकतात व मुंग्या येतात, तो रोग नव्हे.

पावसाळ्यात सज्जातील होया छपराखाली घ्यावी. हवेतील दमटपणा तिला आवडतो, दिवसेंदिवस निथळत राहणारी माती नाही. हाच काळ फाटे लावण्यास चांगला. दोन पेरांचा, निदान एका पानजोडीचा फाटा घेऊन चीक धुवून काढावा आणि ओलसर मॉसमध्ये वा पाण्यात पेर बुडेल असा ठेवावा. साधारण महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. चीक डोळ्यांना लागू नये याची दक्षता घेऊन हात स्वच्छ धुवावेत. सह्याद्रीतील रानवेली मात्र घरी आणण्यासाठी उपटू नयेत. रोपवाटिकेत वाढविलेली रोपे सहज मिळत असताना जंगलातील वेल कमी करण्यात हशील नाही.

छाटाला फूल येण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात, काही जाती त्याहूनही अधिक वेळ घेतात. पंधरवड्यात निकाल मागणाऱ्यांसाठी ही वेल नाही. पण योग्य जात, सैल माती, सकाळचा उजेड आणि हात आखडता ठेवण्याची शिस्त एवढे जमले, तर तीच कुंडी, तोच दांडा आणि तोच दरवळ पुढील कित्येक उन्हाळे घरात परतत राहतो.