लोकलेखा समिती

संसदेने अगर राज्य विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा शासनाने मंजूर कारणासाठी, मंजूर मर्यादेत व योग्य रीतीने खर्च केला की नाही, हे लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या आधारे तपासून सभागृहास सांगणारी विधिमंडळाची समिती. करदात्याचा पैसा तिजोरीतून निघून रस्ता, रुग्णालय अगर शाळा यांपर्यंत पोहोचेतो अनेक हातांतून जातो. त्यांपैकी एखादा हात चुकला, तर जाब कारकुनास विचारावयाचा, सचिवास की मंत्र्यास, हा संसदीय राज्यपद्धतीतील एक अवघड प्रश्न असून ह्या समितीचा इतिहास हा बव्हंशी त्या प्रश्नाचाच इतिहास होय.

समितीचा उगम ब्रिटनमध्ये झाला. कर बसविण्यास व खर्चास संमती देण्याचा अधिकार ब्रिटिश कॉमन्स सभेने राजाशी दीर्घकाळ झगडून मिळविला; तथापि संमत झालेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची पद्धतशीर व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हती. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये सभागृहाने लोकलेखा समिती नेमली व १८६६ च्या अधिनियमाने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद निर्माण झाले. लेखापरीक्षकाने दोष शोधावयाचे व समितीने त्यांचा पाठपुरावा करावयाचा, अशी ही जोडी असून तीतील एक नसेल, तर दुसरा निष्प्रभ ठरतो. समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे ठेवण्याचा संकेत तेथे रूढ झाला.

भारतात १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर १९२१ मध्ये केंद्रीय लोकलेखा समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळातील वित्त सदस्याकडेच असे; म्हणजे ज्याने हिशेब द्यावयाचा, तोच हिशेब घेणाऱ्यांच्या अग्रस्थानी बसे. शिवाय खर्चाचा मोठा भाग विधिमंडळाच्या मतदानाच्या कक्षेबाहेर होता. संविधान अंमलात आल्यावर १९५० मध्ये समिती खऱ्या अर्थाने संसदीय झाली व लोकसभेच्या सभापतींच्या नियंत्रणाखाली आली. प्रारंभी तीत लोकसभेचे १५ सदस्य असत. १९५४-५५ पासून राज्यसभेचे ७ सदस्य तीत सहभागी होऊ लागले. सदस्यांची निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने एका वर्षासाठी होते. मंत्र्यास समितीचे सदस्य होता येत नाही आणि सदस्य मंत्री झाल्यास त्याचे सदस्यत्व संपुष्टात येते. अध्यक्षाची नियुक्ती सभापती करतात. सत्तारूढ पक्षाचाच सदस्य अध्यक्ष होण्याची प्रथा १९६७ मध्ये मोडली व स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे विरोधी पक्षातील पहिले अध्यक्ष झाले. तेव्हापासून हा संकेत केंद्रात पाळला जात आहे.

समितीचे काम समजण्यासाठी सार्वजनिक पैशाचा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. शासनाचा सर्व महसूल व कर्जे संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदान्वये एकत्रित निधीत जमा होतात. त्यातून पैसा काढण्यासाठी लोकसभेने अनुदानाच्या मागण्या मान्य करावयाच्या व त्यानंतर संसदेने विनियोजन अधिनियम संमत करावयाचा, असा क्रम आहे. मागण्यांवरील चर्चेत सदस्य कपात सूचना मांडू शकतात. धोरणाविषयी नापसंती असल्यास मागणी एक रुपयापर्यंत खाली आणावी, अशी सूचना देता येते; एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधावयाचे असल्यास शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचविली जाते. अशी सूचना संमत झाली, तर तो मंत्रिमंडळावरील अविश्वास समजला जातो व म्हणूनच ती संमत होत नाही. शिवाय चर्चेचा ठरलेला वेळ संपला, की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. ह्या कार्यपद्धतीस संसदीय परिभाषेत गिलोटिन म्हणतात. २०१८ व २०२३ ह्या वर्षी तर लोकसभेत सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मान्य झाल्या. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून मागण्यांची आगाऊ छाननी करतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. खर्चापूर्वीचे नियंत्रण असे सैल पडत गेल्याने खर्चानंतरच्या तपासणीचे महत्त्व वाढले आहे.

ही तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचे अहवाल १५१ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींना सादर होतात व त्यांच्याकरवी संसदेपुढे ठेवले जातात. राज्यांच्या बाबतीत हेच काम राज्यपालांमार्फत होते. मंजुरीपेक्षा अधिक झालेला खर्च, एका कारणासाठी मिळालेला पैसा दुसऱ्या कारणासाठी वापरणे, वर्षअखेरीस निधी पडून राहू नये म्हणून मार्चमध्ये केलेली घाईची खरेदी यांसारख्या गोष्टी समिती पाहतेच; पण तिची दृष्टी तेवढ्यापुरती मर्यादित नाही. सुज्ञ मनुष्य स्वतःचा पैसा जितक्या काळजीने खर्च करील, तितक्याच काळजीने शासकीय पैसा खर्च व्हावा, असे औचित्याचे तत्त्व वित्तीय नियमांतच नमूद आहे. रुग्णालयाची इमारत उभी राहिली, यंत्रसामग्री आली, देयके चुकती झाली व कागदोपत्री प्रत्येक पावती जुळली, परंतु यंत्र चालविणारा तज्ञ न नेमल्याने रुग्णास उपचार मिळाले नाहीत, तर हिशेब बरोबर असूनही खर्च वाया गेला, असेच म्हणावे लागेल. कार्यफलाच्या लेखापरीक्षेत हाच प्रश्न विचारला जातो.

लेखापरीक्षा अहवालातील सर्व परिच्छेद तपासणे अशक्य असल्याने समिती काही विषय निवडते, संबंधित विभागाच्या सचिवास साक्षीसाठी बोलावते, कागदपत्रे मागविते व आपला अहवाल सभागृहास सादर करते. शिफारशींवर काय कारवाई केली, हे शासनाने सहा महिन्यांत कळवावयाचे असते. त्यावर समितीचा दुसरा अहवाल निघतो. समिती रक्कम वसूल करू शकत नाही, कोणास बडतर्फ करू शकत नाही व तिच्या शिफारशी शासनावर बंधनकारकही नाहीत. समितीपुढे उभे राहून खुलासा द्यावा लागेल, ह्या जाणिवेचा प्रशासनावर जो धाक असतो, तोच तिच्या सामर्थ्याचा मोठा भाग होय. हा धाक वेळेवर अवलंबून असतो. खर्च, त्याचे लेखापरीक्षण, अहवालाची सादरी व समितीची तपासणी ह्यांमध्ये वर्षे लोटतात. तोवर सचिव बदललेले, कित्येकदा निवृत्त झालेले असतात व साक्ष देणाऱ्यास पूर्वसूरींच्या चुकांचे समर्थन करावे लागते.

ह्या व्यवस्थेत मंत्र्याचे स्थान चमत्कारिक आहे. संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेस सामूहिक रीत्या जबाबदार असते आणि खात्याच्या प्रत्येक कृत्याबद्दल सभागृहात उत्तर मंत्र्यानेच द्यावयाचे असते. असे असूनही, सभापतींच्या निदेशांनुसार वित्तीय समित्यांपुढे मंत्र्यास साक्षीसाठी बोलावता येत नाही. समितीच्या अध्यक्षास फार तर त्याच्याशी अनौपचारिक विचारविनिमय करता येतो. धोरणाची चर्चा सभागृहात व्हावी आणि समितीने अंमलबजावणी पाहावी, अशी ह्यामागील भूमिका आहे. ती तत्त्वतः बरोबर असली, तरी तिच्यामुळे निर्णय घेणारा खोलीबाहेर व निर्णय राबविणारा खोलीत, अशी विभागणी होते. मंत्र्याचा आदेश तोंडी असेल, तर ही विभागणी सत्य शोधण्याच्या मार्गातील भिंतच बनते.

मुंदडा प्रकरणात (१९५७-५८) हे स्पष्ट झाले. नव्यानेच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सु. सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीस डावलून हा व्यवहार झाला होता. फिरोझ गांधी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये तो लोकसभेत मांडला. ते स्वतः सत्तारूढ पक्षाचे सदस्य होते, हे येथे विसरता येत नाही. शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली व ती ऐकण्यास लोकांनी मोठी गर्दी केली. मंत्र्याच्या संमतीने खरेदी झाली, असे वित्त सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे होते. आपण अशी संमती दिली नव्हती, असे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी सांगत होते. दोघांच्या बोलण्याचा लेखी पुरावा नव्हता. सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही, असा निष्कर्ष छागला यांनी काढला व फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. पुढे दोघेही सार्वजनिक जीवनात परतले : कृष्णम्माचारी १९६२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात आले, तर पटेल १९७७ मध्ये स्वतःच अर्थमंत्री झाले. महामंडळांच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ मध्ये अस्तित्वात आली.

ह्याच्या उलट उदाहरण त्या आधीचे आहे. १९४८ मध्ये लंडन येथील भारतीय उच्चायुक्तालयाने लष्करासाठी जीपगाड्या खरेदी करण्याचे जे करार केले, त्यांवर लोकलेखा समितीने गंभीर आक्षेप घेऊन जबाबदारी निश्चित करण्याची शिफारस केली होती. १९५५ मध्ये शासनाने हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले व तत्कालीन उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन १९५६ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. समितीचा अहवाल सारखाच कडक असला, तरी त्याचे पुढे काय होते, हे सभागृहातील बहुमत ठरविते.

तोंडी आदेशांच्या अडचणीवर ब्रिटनने एक साधा उपाय योजला आहे. तेथे खात्याचा स्थायी सचिव हा संसदेस जबाबदार असा लेखाधिकारी मानला जातो. एखादा खर्च पैशाच्या मोबदल्यात योग्य फळ देणार नाही, असे त्याचे मत झाल्यास तो मंत्र्याकडे लेखी आदेश मागतो. आदेश मिळाल्यावर खर्च होतो. पण त्याची प्रत महालेखापरीक्षकाकडे जाते. मलेशियातील पेरगाव धरणास २३४ दशलक्ष पौंडांचे साहाय्य देणे आर्थिक दृष्ट्या अयोग्य आहे, असे सचिव टिम लँकेस्टर यांनी १९९१ मध्ये नोंदविले. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी लेखी आदेश देऊन ते मंजूर केले. पुढे महालेखापरीक्षक व लोकलेखा समिती यांनी प्रकरण उघडकीस आणले आणि १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने हे साहाय्य बेकायदेशीर ठरविले. निर्णय कोणाचा, याबद्दल वाद उरला नाही. भारतात अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांचा तोंडी आदेश नंतर लेखी करून घेणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांची नोंद करावी, असे बजावले. तथापि अशी नोंद आपोआप लेखापरीक्षकाकडे पाठविण्याची ब्रिटनसारखी पद्धत येथे नाही.

पक्षीय बहुमत समितीच्या खोलीत शिरले, तर काय होते, याचा प्रत्यय दूरसंचार लहरी वाटपाच्या प्रकरणात आला. महालेखापरीक्षकांचा त्यासंबंधीचा अहवाल नोव्हेंबर २०१० मध्ये संसदेपुढे आला. वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या अनुमानित तोट्याचा त्यातील सर्वांत मोठा आकडा सु. १ लाख ७६ हजार कोटी रुपये होता. दूरसंचारमंत्री ए. राजा यांनी त्याच सुमारास राजीनामा दिला. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी समितीपुढे येण्याची तयारी डिसेंबरमध्ये जाहीर केली. तसे प्रत्यक्षात घडले नाही. एप्रिल २०११ मध्ये अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी तयार केलेला मसुदा बहुसंख्य सदस्यांनी फेटाळला आणि जोशी बैठकीतून निघून गेल्यावर दुसऱ्याच सदस्यास अध्यक्ष निवडले. जोशी यांनी मसुदा सभापतींकडे पाठविला. तो परत आला. समितीची परंपरा एकमताने अहवाल देण्याची असल्याने ही घटना अपवादात्मक ठरली. पुढील निर्णय न्यायालयांत झाले : सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, तर विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये पुराव्याअभावी सर्व आरोपींची मुक्तता केली. त्याविरुद्धचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दाखल करून घेतले. लेखापरीक्षेतील आक्षेप, मंत्र्याची राजकीय जबाबदारी व फौजदारी गुन्हा ह्या तीन भिन्न गोष्टी असून एक सिद्ध झाली अगर न झाली म्हणून दुसरीचा निकाल लागत नाही; चर्चेत मात्र त्यांची सतत सरमिसळ होते.

राज्यांतही अशाच समित्या आहेत. महाराष्ट्रात लोकलेखा समितीबरोबर अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती तसेच जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार तपासणारी पंचायती राज समिती विधिमंडळातर्फे काम करतात. लेखापरीक्षेसाठी महालेखापालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. सामान्य नागरिकास ह्या समित्यांपुढे थेट दाद मागता येत नाही. त्याच्यासाठी माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) व महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) हे मार्ग आहेत. दुसऱ्या अधिनियमानुसार दाखला, नोंदणी यांसारखी अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवेस लागणारी पदे भरली नाहीत, म्हणून विलंब झाला, तर ती पदे रिक्त ठेवणाऱ्या मंत्र्यास मात्र ह्या अधिनियमाखाली कोणतीही शिक्षा नाही. त्याचे उत्तर विधानसभेतच मागावे लागते.