नर्डल्स: समुद्रात सांडलेले प्लास्टिकचे दाणे गोळा का होत नाहीत?

मे २०२१ मध्ये कोलंबो बंदराबाहेर ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि जूनमध्ये ते बुडाले. त्यावर सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे, म्हणजे ‘नर्डल्स’ होते. श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर त्यांचा थर साचला.

नर्डल्स म्हणजे काय?
बादली, बाटली, पिशवी बनवण्याचा हा कच्चा माल. दाणा साधारण मसुराएवढा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. बाटलीचे असे तुकडे व्हायला वर्षे लागतात. नर्डल्स मुळातच तेवढे असतात.

धोका कोणता?
मासे आणि समुद्रपक्षी ते खाद्य समजून गिळतात. पाण्यातली विषारी रसायनेही त्यांना चिकटतात.

सफाई अवघड का?
बरेचसे दाणे तरंगत दूर जातात, उरलेले वाळूत मिसळतात. श्रीलंकेत नौदलाचे जवान आणि स्वयंसेवकांनी अक्षरशः वाळू चाळली. तरीही सगळे दाणे निघाले नाहीत.

भारतात असे घडले का?
होय. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले. काही दिवसांतच तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर असेच दाणे आले.

उपाय काय?
मजबूत पॅकिंग, कंटेनरवर स्पष्ट नोंद आणि शक्यतो डेकखाली साठवण, अशा शिफारशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये केल्या. मात्र त्या ऐच्छिक आहेत. सांडलेले दाणे परत मिळत नाहीत. म्हणून हे नियम बंधनकारक होणे महत्त्वाचे.